मिसवाक मऊ करून देणारे हात



अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पवित्र जीवनाचा अखेरचा दिवस आठवा. ह. आयेशा (रजि.) यांच्या खोलीत, त्यांच्याच छातीला टेकून प्रेषित (स.) विसावले होते. इतक्यात आयेशांचे बंधू ह. अब्दुर्रहमान (रजि.) आत आले. त्यांच्या हातात मिसवाक होती. प्रेषितांची (स.) नजर तिच्यावर स्थिरावली. आयेशांनी ती नजर ओळखली. मिसवाक घेऊ का, असे त्यांनी विचारले, प्रेषितांनी (स.) मान हलवून होकार दिला. ती त्यांना कडक गेली. मऊ करून देऊ का, असे आयेशांनी पुन्हा विचारले. पुन्हा मानेनेच होकार आला. तेव्हा त्यांनी ती आपल्या दातांनी चावून मऊ केली आणि दिली. सहीह बुखारीत हा प्रसंग आला आहे.

मदरशात आम्ही ही हदीस शिकलो ती मिसवाकची फजीलत आणि आयेशा (रजि.) यांचा मान कळावा म्हणून. ते अर्थ तिथे आहेतच. परंतु गेल्या वर्षी घाटकोपरच्या एका लहानशा खोलीत, तोंडाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या उशाशी बसलो असताना हीच हदीस मला निराळी दिसली. त्यांची सून कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खाण्याचा सोडा टाकून, बोटाला स्वच्छ मऊ कापड गुंडाळून त्यांच्या हिरड्या पुसत होती. त्यांच्या भुवया किंचित आक्रसल्या की तिचा हात थांबे; भुवया सैल झाल्या की ती पुढे जाई. रुग्ण बोलत नाही, पण त्याला काय हवे ते ओळखायचे. ओळखले तरी विचारायचे. आणि दिलेली वस्तू त्याला सोसत नसेल तर ती सोसेल अशी करून द्यायची. शुश्रूषेचा सगळा पाठ त्या एका मिसवाकमध्ये आहे.

‘शुश्रूषा’ हा शब्दही विलक्षण आहे. मराठीच्या पदवीवर्गात मला तो प्रथम उलगडला. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ सेवा नव्हे, तर ऐकण्याची इच्छा. जो ऐकू इच्छितो तोच सेवा करू शकतो, असे त्या शब्दाने आधीच ठरवून टाकले आहे. आपल्याकडे दुसरे दोन शब्द आहेत, इयादत आणि तीमारदारी. इयादत म्हणजे आजाऱ्याच्या भेटीस जाणे. अरबीत त्या शब्दाच्या मुळाशी पुन्हा पुन्हा परतून येणे आहे. तीमारदारी म्हणजे आजाऱ्याची काळजी वाहणे. आम्ही इमाम मंडळी मिंबरवरून इयादतीवर पुष्कळ बोलतो. सकाळी आजाऱ्याच्या भेटीला जाणाऱ्यासाठी सायंकाळपर्यंत सत्तर हजार फरिश्ते दुआ करतात, ही हदीस बहुतेकांना पाठ असते. परंतु भेट दहा मिनिटांची असते, आणि भेटणारा उठून गेल्यावर जी बादली उचलायची असते, जी चादर बदलायची असते, रात्री तीन वाजता जी हाक येते, तिच्याबद्दल आम्ही फारसे बोललेलो नाही. हा कसूर माझाही आहे.

बद्रच्या स्वारीचा विचार करा. हिजरीच्या दुसऱ्या वर्षी मुसलमानांची संख्या तीनशेच्या आसपास होती आणि एकेक माणूस मोलाचा होता. त्याच वेळी प्रेषितांच्या (स.) कन्या ह. रुकय्या (रजि.) आजारी होत्या. त्यांचे पती ह. उस्मान (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) मागे मदीनेत थांबवले, ते पत्नीच्या शुश्रूषेसाठी. आणि बद्रमध्ये हजर असलेल्याला जे पुण्य आणि जो वाटा मिळेल तो त्यांनाही मिळेल, असे आश्वासन दिले. रुकय्या (रजि.) वाचल्या नाहीत. विजयाची वार्ता मदीनेत पोहोचली तेव्हा त्यांचे दफन होत होते. म्हणजे ज्या शुश्रूषेला बद्रची बरोबरी लाभली, ती रुग्णाला बरे करू शकलेली शुश्रूषा नव्हती. ज्या घरांत डॉक्टरांनी आता रोग आटोक्यात येणार नाही असे सांगितले आहे, त्या घरांनी ही गोष्ट मनाशी धरावी. आणि हेही लक्षात घ्यावे की अंथरुणापाशी थांबवला गेला तो पुरुष होता.

आपल्या उपनगरांत या आजाराचे रूप कसे आहे? १९३१ साली लेडी मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यानंतर सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या ट्रस्टने परळला उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. आज देशभरातून माणसे तिथे येतात. आपण मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीची माणसे त्या मानाने भाग्यवान. आपल्याला लोकलने जाऊन संध्याकाळी घरी परतता येते. परंतु याच भाग्याचा दुसरा अर्थ असा की उपचार परळला होतात आणि शुश्रूषा दहा बाय बाराच्या खोलीत होते. केमो घेतलेला माणूस रात्री कुठे ओकतो, त्याचे ताट वेगळे कोण धुते, त्याला चौथ्या मजल्यावरून खाली कोण आणते, हे सगळे घरच्यांच्या पदरात येते. (जाता जाता एक सांगतो. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांनाही प्रवासाची मुभा आहे. गर्दीच्या वेळी धडधाकट माणसे त्या डब्यात चढून बाक अडवतात, आणि त्यांत टोपीवालेही असतात. तो दुसऱ्याचा हक्क आहे, आणि माणसांचे मारलेले हक्क केवळ तौबा केल्याने सुटत नाहीत.)

आता मला माझी चूक सांगायची आहे. या लेखाचे खरे कारण तीच आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात, एका संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर एक तरुण माझ्याजवळ आला. वर ज्यांचा उल्लेख केला, त्या वडीलधाऱ्यांचा तो मुलगा. अब्बांना वेदना असह्य होतात म्हणून रुग्णालयातून मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आहेत. ती अफूपासून होते असे नातेवाईक म्हणतात. मग ती जायज आहे काय, असा त्याचा प्रश्न होता. मी घाईत होतो, दुसऱ्या एका घरी निकाह पढवायचा होता. मी चपला पायात सरकवता सरकवता उत्तर दिले की नशा आणणारी वस्तू हराम आहे, अब्बांना सब्र करायला सांगा, मी दुआ करतो. तो मान खाली घालून गेला. मी निकाहला गेलो आणि विसरलो.

अकरा दिवसांनी इयादतीला गेलो. ते गृहस्थ आडवे होऊ शकत नव्हते. भिंतीला कपाळ टेकून बसले होते आणि त्यांच्या घशातून एकसारखा बारीक आवाज येत होता. त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्या खोलीत बसू शकत नव्हत्या. मुलगा मला म्हणाला, “मौलाना, तुम्ही सांगितलंत त्याच रात्री गोळ्या बंद केल्या.” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता, एवढेच.

त्या रात्री मी माझ्या उस्तादांना फोन केला आणि किताबा काढल्या. मला जे आधीच ठाऊक असायला हवे होते ते सांगतो. मद्य हे औषध नसून रोग आहे, असे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले आहे, त्यामुळे नशेच्या वस्तूबद्दल प्रश्न पडणे हे ईमानचेच लक्षण आहे. त्या मुलाचा प्रश्न योग्य होता, उत्तर चुकीचे होते. फुकहांनी मद्य आणि अफू-भांगेसारखी औषधी द्रव्ये यांत भेद केला आहे. मौजेखातर त्यांचे सेवन हराम. उपचारासाठी, गरजेपुरत्या मात्रेत, मान्य. सातव्या हिजरी शतकातील शाफई मजहबचे थोर इमाम नववी यांच्यापुढे असा प्रश्न होता की सडलेला हात कापायचा असेल तर रुग्णाची शुद्ध हरपवणारे द्रव्य द्यावे काय. त्यांनी ते जायज असल्याचे मतच अधिक बरोबर ठरवले. कोकणातून आलेले आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत, त्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. हनफी फुकहांनीही औषध म्हणून अफूच्या अल्प मात्रेला वाव दिला आहे. आणि ज्याच्यावर अगतिकतेची वेळ आली त्याच्यासाठी निषिद्धाच्या बाबतीतही कुरआनने सवलत ठेवली आहे, हे तर मदरशातले पहिल्या वर्षाचे मूलही सांगेल.

वैद्यकाची बाजूही समजून घ्यावी. कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीने औषध कसे वाढवायचे याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली मांडली; तीव्र वेदनेसाठी तिच्यात मॉर्फिन आहे. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ पाहून द्यायची असते. वेदना उसळेपर्यंत वाट पाहायची नसते. सुरुवातीला मळमळ आणि गुंगी येते, ती बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र टिकून राहते, म्हणून सोबत रेचक लागतेच. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत वेदनेसाठी घेणारा मनुष्य नशेबाज होत नाही. तो झोपतो, बोलतो, नमाज अदा करतो. आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे हे औषध मिळणे फार कठीण होऊन बसले होते. २०१४ मध्ये संसदेने त्या कायद्यात दुरुस्ती करून वाट मोकळी केली. कायद्याने उघडलेले दार एका इमामाने चपला घालता घालता बंद केले होते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो आणि घरातल्या सगळ्यांसमोर, ज्या नातेवाइकांनी अफूची शंका काढली होती त्यांच्याही समोर, माझे उत्तर चुकले होते असे सांगितले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. चार दिवसांनी त्यांनी नातवाच्या पाटीवर माझ्यासाठी दोनच शब्द लिहिले, “झोप लागली.” त्यांची जीभ तोवर कामातून गेली होती.

काही मंडळी अशा वेळी ह. उर्वा बिन झुबैर (रह.) यांचे उदाहरण देतात. पाय कापताना त्यांनी नशा नाकारली आणि यातना सोसल्या, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्यांची निवड त्यांची होती. स्वतःचा पाय कापताना उर्वांचा आदर्श घ्यावयास कोणाची हरकत नाही. बापाचा पाय कापताना तो बापावर लादू नये. सब्र म्हणजे वेदना लपवणे नव्हे. ह. अय्यूब (अलै.) यांनी आपल्याला त्रासाने घेरले आहे असे आपल्या पालनकर्त्याला उघड सांगितले, तरीही कुरआनने त्यांची गणना सब्र करणाऱ्यांत केली. खुद्द प्रेषितांनी (स.) अखेरच्या आजारात तापाचा दाह शमवण्यासाठी सात पखाली पाणी अंगावर ओतायला सांगितले, आणि पुरे झाले तेव्हा हाताने खूण करून थांबवले.

ती हाताची खूण महत्त्वाची आहे. त्याच आजारातली आणखी एक हकीकत पाहा. घरच्यांनी प्रेषितांच्या (स.) तोंडाच्या कडेने औषध ओतले. नको, असे ते खुणेने सांगत होते. पण आजाऱ्याला औषधाचा कंटाळा असतोच, असे समजून घरच्यांनी ते दिलेच. शुद्धीवर आल्यावर प्रेषित (स.) नाराज झाले, आणि घरात हजर असलेल्या प्रत्येकाला तेच औषध पाजण्यास त्यांनी सांगितले, एक ह. अब्बास (रजि.) तेवढे सुटले, कारण ते त्या वेळी तिथे नव्हते. आपल्या घरांत रोज काय चालते? आजाऱ्याने दोन घास खाल्ले नाहीत की आई रडते, बहीण शपथ घालते, मावशी यखनीचा वाडगा ओठांना लावते. प्रेमाचाच तो प्रकार, पण रोग फार पुढे गेल्यावर शरीराची अन्नाची मागणीच कमी होते. जबरदस्तीने भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. आजाऱ्यांवर खाण्यापिण्याची सक्ती करू नये असा उपदेश हदीसमध्ये आहेच. मागेल तेव्हा, मागेल तेवढे, चमचाभर. ज्यांना नाकातल्या नळीने अन्न जाते त्यांना पाठीशी उशा देऊन अर्धवट बसते करावे, हळूहळू घालावे, नंतर थोडे पाणी सोडून नळी धुवावी आणि निदान अर्धा तास आडवे करू नये.

कुठे राहायचे, हेही आजाऱ्याला विचारावे. प्रेषितांनी (स.) आयेशांच्या घरी राहण्यासाठी इतर पत्नींची परवानगी मागितली होती, आणि त्यांनी ती दिली. आपल्याकडे मात्र तीन भाऊ बसून अब्बांचे महिने वाटून घेतात. अब्बा शेजारच्या खोलीत असतात, त्यांना ऐकू येत असते.

जखमेबद्दल लिहावे की नाही असा मला संकोच होता. पण लिहितो, कारण याच ठिकाणी माणसे पळतात. तोंडाचा कर्करोग आपल्या वस्त्यांत फार. तंबाखू, मिश्री, गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि तो कुठे मिळतो हे तरीही मशिदीबाहेरच्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. गालावरची गाठ फुटते, जखम वाहू लागते, दुर्गंधी येते. मग माणसे दारातूनच सलाम करून परततात. त्या दुर्गंधीवर इलाज आहे. जखम स्वच्छ पाण्याने रोज धुणे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड तिच्यावर घालणे. काही दिवसांत वास बराच उतरतो. जखमेत किडे झाले तर लाजून लपवू नये, ते काढता येतात. खाटेला खिळलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, नाहीतर पाठीला नवी जखम होते. आणि केमो सुरू असताना ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर चढू लागला, तर पॅरासिटामोल देऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे, कारण त्या दिवसांत रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार घटलेल्या असतात.

पाकीचा प्रश्न रुग्ण मला वारंवार विचारतात, आणि विचारताना रडतात. पोटावर पिशवी आहे, लघवीची नळी आहे, जखम वाहते. मग आमची नमाज कशी होणार? होते. ज्याचा स्राव थांबतच नाही त्याला शरीअत माजूर मानते. हनफी मतानुसार त्याने नमाजच्या प्रत्येक वेळेला एकदा वुजू करावा. शाफई मतानुसार प्रत्येक फर्ज नमाजसाठी वेगळा करावा. पाणी सोसत नसेल तर तयम्मुम आहे. बसून, आडवे होऊन, मानेच्या खुणेने नमाज आहे. एका सफरीत डोक्याला जखम झालेल्या माणसाला गुस्लची गरज पडली. सोबत्यांनी त्याला सवलत नाही असे सांगितले. त्याने अंघोळ केली आणि तो मेला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा ते अतिशय संतापले, त्याच्या मृत्यूचा दोष त्यांनी त्या सोबत्यांच्या माथी मारला आणि ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, असे बजावले. अबू दाऊदमधली ही हदीस मी वर्गात तोंडपाठ म्हटली होती. चपला घालताना ती आठवली नाही.

आणि जे मुळीच काही करू शकत नाहीत त्यांच्यासाठी बुखारीतच दिलासा आहे: निरोगी असताना मनुष्य जी सत्कर्मे करीत असे, तीच आजारपणात त्याच्या नावे लिहिली जात राहतात.

सेवा कोणी करायची? आमच्याकडे याचे उत्तर न विचारताच ठरलेले असते: सून. सासूच्या कंबरेखालची स्वच्छता तिने करायची, सासऱ्याचा थुंका तिने उचलायचा, आणि स्वयंपाकाला उशीर झाला तर बोलणीही तिनेच खायची. शरीअतची भूमिका निराळी आहे. आईबापांची सेवा ही मुलामुलींवर आहे. सून करते तो तिचा एहसान. तिच्यावर कायद्याने लादलेले ते कर्तव्य नव्हे. एहसानाला एहसानासारखे वागवावे. मुलगा रात्रीची पाळी घेऊ शकतो, चादरी धुऊ शकतो, लंगोट बदलू शकतो. निदान आठवड्यातून एक दिवस तिला माहेरी पाठवून तो घरी बसू शकतो. ज्या सुनेचा मी सुरुवातीला उल्लेख केला तिला, तिच्या सासऱ्यांच्या आजारपणाच्या सात महिन्यांत, शेजारपाजारच्या कोणी एकदाही ‘तू कशी आहेस’ असे विचारले नव्हते. मीही नाही. मी अब्बांची तब्येत विचारून परतत असे.

ज्या स्त्रिया हे काम पेशा म्हणून करतात त्यांच्याविषयीही बोलले पाहिजे. खंदकच्या लढाईत ह. सअद बिन मुआज (रजि.) यांना बाण लागला तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्यासाठी मशिदीतच तंबू उभारला, म्हणजे जवळून त्यांची विचारपूस करता यावी, आणि जखमींवर उपचार करणाऱ्या ह. रुफैदा (रजि.) यांच्याकडे त्यांना सोपवल्याचे इमाम बुखारींच्याच ‘अल-अदबुल मुफरद’ या ग्रंथात आले आहे. म्हणजे मदीनेत जखमींच्या सेवेची जागा मशिदीच्या अंगणात होती. तरीही आमच्या वस्तीत बारावी झालेल्या एखाद्या मुलीने नर्सिंगला जाते म्हटले की स्थळे येणार नाहीत अशी चिंता सुरू होते. मग आपल्या आईला स्त्री परिचारिकाच हवी, असा आग्रह आपण कोणत्या तोंडाने धरतो? आपल्या मुलींना त्या शाळेत न पाठवता दुसऱ्यांच्या मुलींनी आपल्या माऊलीचा पडदा सांभाळावा, ही अपेक्षा न्यायाची नाही. स्त्री परिचारिका नसेल तेव्हा गरजेपुरता पुरुषानेही उपचार करणे जायज आहे. लाजेपायी स्तनातली गाठ वर्षभर झाकून ठेवणे हा हयाचा भाग नाही.

वांद्र्याला माउंट मेरीच्या परिसरात शांती आवेदना सदन आहे. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने १९८६ साली ते उभे राहिले. बऱ्या न होणाऱ्या कर्करुग्णांसाठीचे हे भारतातले पहिले शुश्रूषागृह. तिथे धर्म विचारला जात नाही आणि पैसेही घेतले जात नाहीत. तिथली सेवा ख्रिस्ती जोगिणी करतात. आपले लोक तिथे भरती होतात आणि इज्जतीने, वेदनेविना अखेरचे दिवस काढतात. जोगेश्वरीपासून मालवणीपर्यंत आपल्या मशिदींवर मिनार चढले, आतल्या भिंतींना संगमरवर लागला; मला मिनारांचे वावडे नाही, त्याच मिनाराखाली माझी रोजी आहे. पण एका मशिदीच्या तळमजल्यावर हवेची गादी, चाकांची खुर्ची, ऑक्सिजनचा सांचा आणि कूस बदलायला शिकवणारी एक परिचारिका एवढे ठेवायला किती लागेल, याचा हिशेब आमच्या ट्रस्टने मागच्या महिन्यात प्रथमच मांडला. झुंबराच्या अंदाजपत्रकापेक्षा तो कमी निघाला.

भेटीला जाणाऱ्यांनीही थोडे सांभाळावे. केमोच्या दिवसांत सर्दी-खोकला असलेल्याने घरूनच फोन करावा, त्याची नियत लिहिली जाते. पाच जणांनी एकदम खाटेभोवती बसू नये. अमक्याचा काका याच रोगाने कसा गेला हे सांगू नये. कलौंजी, झमझम, दम केलेले पाणी जरूर द्यावे, पण त्याच्या बदल्यात परळची तारीख चुकवायला सांगू नये, इलाज करा हा आदेश प्रेषितांचाच (स.) आहे. आणि जाताना शुश्रूषा करणाऱ्याला दोन तास झोपायला पाठवून स्वतः उशाशी बसता आले, तर डझनभर केळी नेण्यापेक्षा ते मोठे.

रुग्णाला रोगाचे नाव सांगावे काय? बहुतेक घरे लपवतात. सांगण्याची रीत आणि वेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावी, पण तो विचारीत असेल तर खोटे बोलू नये. त्याच्यावर कर्ज असेल, कोणाची अमानत असेल, वसीयत करायची असेल. मक्केत ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) गंभीर आजारी पडले तेव्हा मालमत्तेचे काय करावे हे त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले आणि एक तृतीयांशाची मर्यादा त्यातूनच आपल्याला मिळाली. आजाराचे गांभीर्य त्यांच्यापासून लपवले असते तर त्यांनी ते विचारलेच नसते. घाटकोपरच्या त्या गृहस्थांना सगळे ठाऊक होते. त्यांनी पाटीवर तीन जणांची नावे आणि पुढे रकमा लिहून मुलाकडे दिल्या. एक रक्कम अवघी ऐंशी रुपयांची होती, रेल्वे फलाटावरच्या चहावाल्याची.

ते रजबमध्ये गेले. गुस्लसाठी मुलाने मला बोलावले. वस्तीत गुस्ल देणारे अनुभवी लोक आहेत, पण त्यांतल्या एकाने जखमेवरची पट्टी ओढून काढायला हात घातला तेव्हा मुलगा पुढे झाला. त्याने पट्टी कोमट पाण्याने भिजवली. मृताचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखेच आहे, हे त्याला माहीत होते की नाही मी विचारले नाही. पट्टी सैल होईपर्यंत तो थांबला, जसे त्याची पत्नी सात महिने थांबत आली होती, आणि मग बापाच्या गालावरून त्याने ती हळूच सोडवली. बोरीच्या पानांचे पाणी मी वरून धरले होते. त्याने मान वर न करता पुरे अशी हाताने खूण केली, आणि मी पाणी थांबवले.